घराभोवतीची मोकळी जागा

मुलांनो, घर बांधताना जमिनीच्या अगदी कडेपर्यंत भिंत का नेत नाहीत? १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्या वेळी दाटीने उभ्या असलेल्या चाळींतील कित्येक खोल्यांत ना ऊन शिरे, ना वारा. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे नियम घातला, की समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी जागा खिडकीपुढे मोकळी असावी. समोरची भिंत ४० फूट उंच असेल, तर मध्ये २० फूट अंतर हवे. आजही नगरपालिका घराचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी मोकळी जागा पाहते. आपण सोडलेल्या जागेतून शेजाऱ्याच्या घरात प्रकाश जातो; त्याने सोडलेल्या जागेतून आपल्या. मग ती जागा वाया गेली, असे कोण म्हणेल?