मौनाचे पाप, वाणीचे प्रायश्चित्त

खालिद हुसैनी यांच्या ‘द काइट रनर’ (२००३) या कादंबरीत, १९७५च्या हिवाळ्यात काबूलमधील एका गल्लीत हसनवर बलात्कार होत असता त्याचा बालमित्र अमीर गप्प राहतो. पुढे चोरीचा आळ रचून त्याला घर सोडावयास लावतो. पश्तून मालकपुत्र व हजारा नोकरपुत्र यांच्यातील विषमताच या मौनास आश्रय देते. हसन मारला गेल्याने क्षमायाचनेची वाट बंद होते. म्हणून अमीर त्याच्या मुलाला, सोहराबला, तालिबानी काबूलमधून सोडवतो. तेथे मार खाताना त्याला हायसे वाटते. परंतु यातना म्हणजे परिमार्जन नव्हे. अमेरिकेत सासरे सोहराबचा उल्लेख केवळ ‘हजारा मुलगा’ असा करतात, तेव्हा अमीर त्याचे नाव उच्चारून त्यांना अडवतो. मौनाने घडलेले पाप येथे वाणीने फिटू लागते.