हरणाचं पात्र घडवताना

अ‍ॅनिमेशनपटासाठी हरीण काढायला बसलं की बहुतेकांचा हात आधी शिंगांकडे आणि टपोऱ्या डोळ्यांकडे वळतो. खरी मेख असते पायांत. मागच्या पायाचा उलटा दुमडणारा गुडघा म्हणून आपण जो काढतो, तो असतो घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळ. शिवाय हरीण चालतं ते खुरांवर, म्हणजे नखांच्या टोकांवर. हे ध्यानात घेतलं नाही, तर धावणारं हरीण लंगडतंय असंच वाटतं.

म्हणूनच १९४२ च्या ‘बॅम्बी’साठी डिस्नेच्या स्टुडिओत मेन राज्यातून दोन पाडसं आणली होती. रिको लेब्रन तिथल्या चित्रकारांना प्राण्यांची शरीररचना शिकवत. चेहऱ्याची अडचण वेगळीच. डोळे दोन बाजूंना, तोंड इवलंसं. भाव उमटणार कुठे? स्टुडिओतले चित्रकार मार्क डेव्हिस यांनी तान्ह्या बाळांचे फोटो अभ्यासले आणि ते भाव पाडसाच्या चेहऱ्यावर आणले. याच चित्रपटावर काम केलेले क्लेअर वीक्स पुढे मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये अ‍ॅनिमेशन शिकवायला आले. १९५७ मध्ये तिथे जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ तयार झाला.

फोटो जरूर जमवा, पण एकाच कोनातले ढीगभर फोटो काही कामाचे नाहीत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन चितळ कान कसे फिरवतं, बसताना आधी कुठले पाय दुमडतं, ते वहीत उतरवा. आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला तो खांब पाहाच: हरणं चार, डोकं एक, आणि कुठल्याही धडाकडे पाहिलं तरी ते डोकं त्याचंच वाटतं.