खाडीत होडी आणि होडीत मूल

परसवाड्याच्या आसपास समुद्र नाही. भाताची शेते, बोड्या, तलाव, नाले आणि जिल्ह्यातून वाहणारी वैनगंगा, एवढेच आपले पाणी. तरीही या वेळी शेती व आरोग्याच्या पानावर आम्ही खाडीतील मासेमारीविषयी लिहीत आहोत, त्याला कारण घडले. आपल्या धर्मग्रामातील एका शेतकरी बांधवाचा मुलगा वसई-विरारकडे कामाला आहे. नातू सहा वर्षांचा. सुट्टीत त्याला शेजाऱ्याच्या लहान होडीतून खाडीत मासे धरायला न्यायचे, असे बापाने ठरविले. आजी म्हणते, मुळीच नको. आजोबा म्हणतात, जाऊ द्या, मुलगा आहे, पाण्याला किती दिवस भिणार? आमचा जन्म वसई तालुक्यातला, म्हणून हा निवाडा आमच्याकडे आला.

आमचे उत्तर असे, की न्यावे. मात्र होडीत दोन मोठी माणसे हवीत आणि त्यांपैकी एकाने गळाला हातही लावू नये. त्याचे काम एकच, मुलाकडे पाहणे. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी मुलाला किनाऱ्यावर आजीजवळ ठेवावे. असे का म्हणतो ते आता सविस्तर सांगतो.

खाडी म्हणजे काय?

नदी जेथे समुद्राला मिळते तेथे तिच्या मुखातून समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते आणि दोनदा बाहेर पडते. गोडे व खारे पाणी जेथे असे मिसळते ती खाडी. दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशी वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणेची खाडी, यांच्यामध्ये वसईचा प्रदेश वसला आहे. आपणांस हे परके वाटू नये. आपली वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. तेथे काकीनाड्याजवळ कोरिंगाचे मोठे खारफुटीचे जंगल आहे. म्हणजे बालाघाटच्या पुलाखालून जाणारे पाणीही शेवटी खाडीतूनच समुद्रात जाते.

खाडीच्या काठाने तिवरांची झाडे असतात. चिखलातून त्यांची मुळे बोटांसारखी वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळांवाटे श्वास घेते. त्याच मुळांच्या आडोशाला कोळंबीची व माशांची पिल्ले वाढतात. ओहोटीला निवट्या चिखलावर उड्या मारताना दिसतात, चिंबोऱ्या बिळांतून डोळे बाहेर काढतात. भरतीबरोबर बोय आत येते, तिच्यामागे जिताडा येतो. सहा वर्षांच्या मुलाला हे सारे पुस्तकातून कळणार नाही. होडीत बसून एक तास पाहिले की ते जन्मभर लक्षात राहते. मुलाला न्यावे असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

आमच्या हातून झालेली चूक

बारा-तेरा वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सुट्टीवर घरी गेलो होतो. भावाचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. तो, आमचे बंधू व आम्ही असे तिघे दुपारी तीनच्या सुमारास वैतरणेच्या खाडीत होडी घेऊन निघालो. तिवरांतून आत जाणाऱ्या एका अरुंद फाट्यात होडी लावून गळ टाकले. मासे चांगले लागत होते. मुलगा आनंदात होता. त्याहून अधिक आनंदात आम्ही होतो, आणि तीच आमची चूक झाली. पावणेसहाला होडीचा तळ चिखलाला टेकला. वल्ह्याने रेटून पाहिले, होडी हलली नाही. पाहता पाहता फाटा रिकामा झाला आणि आम्ही चिखलावर बसलेल्या होडीत उरलो.

त्या दिवशी वद्य द्वितीया होती. भरती दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण झाली होती आणि आम्ही तीनला निघालो तेव्हा ओहोटी लागून दीड तास झाला होता. पौर्णिमेनंतरचे उधाण असल्याने पाणी झपाट्याने उतरले. पुन्हा होडी तरंगण्याइतके पाणी यायला रात्रीचे पावणेदहा वाजले. चार तास! मुलाने प्रथम खेळ मानला. मग त्याला तहान लागली. जवळ एकच लहान बाटली होती, ती दिवस मावळण्याआधीच संपली. अंधार पडल्यावर डास आले. तो रडू लागला आणि "आपण चालत जाऊ" असा हट्ट धरून होडीतून पाय बाहेर टाकू लागला. खाडीचा चिखल माणसाला मांडीपर्यंत ओढतो, मुलाला तर कमरेपर्यंत. वर त्यात कालवांच्या धारदार शिंपा. आमच्या बंधूंनी त्याला मांडीवर घट्ट धरून ठेवले. घरी पोचलो तेव्हा घरातली माणसे कंदील व टॉर्च घेऊन काठावर उभी होती. वहिनी आम्हांला एक शब्द बोलल्या नाहीत. ते न बोलणे आम्ही अजून विसरलेलो नाही.

त्या दिवशी वारा नव्हता, होडी गळकी नव्हती. चूक फक्त घड्याळाची व लक्षाची होती. दोन्ही मोठी माणसे मासे पाहत होती. पाण्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

भरतीचा हिशेब

किनाऱ्यावरील जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढीत. मुंबई-वसईकडे हा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता सुमाराने पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी हीच वेळ पाऊण तासाने किंवा थोडी अधिक पुढे सरकते. हा अंदाज झाला. नेमकी वेळ छापील कोष्टकात किंवा मोबाईलवर मिळते, ती पाहावीच. पण कालनिर्णय भिंतीवर असणाऱ्या घराला हा हिशेब तोंडपाठ असायला हरकत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते. पाणी फार चढते, फार उतरते आणि ओढ मोठी असते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी कमी हलते. मुलाला न्यायचे तर भांगाचे दिवस निवडावेत. भरती पूर्ण होण्याच्या दोन तास आधी निघावे आणि पूर्ण भरतीला होडी परतीला लावावी. माशांची चांगली घाई त्याच वेळी असते, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी परतावे. खाडीच्या मुखाकडे मुलाला घेऊन जाऊ नये. दुपारनंतर वारा समुद्रावरून आत येतो, ओहोटीचे पाणी बाहेर जाते, दोघांची टक्कर होऊन मुखाशी लाटा उभ्या राहतात. लहान होडीला त्या झेपत नाहीत. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात तर मुलाला नेण्याचा विचारही करू नये.

होडीत काय हवे?

पहिली वस्तू म्हणजे लाईफ जॅकेट. ते मुलाच्या वजनाच्या मापाचे हवे. 'पुढल्या वर्षीही येईल' म्हणून मोठे घेऊ नये. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले तर पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. किनाऱ्यावरच घालावे आणि परत किनाऱ्यावरच काढावे. हवेची खेळणी, मोटारीची ट्यूब किंवा रिकामा डबा म्हणजे जॅकेट नव्हे. काही जण मुलाच्या कमरेला दोरी बांधून ती होडीला अडकवतात. तसे कदापि करू नये. होडी उलटली तर मूल तिच्याखाली अडकते.

मुलाला होडीच्या मध्यभागी, तळाशी बसवावे. उभे राहायचे नाही, हा नियम निघण्यापूर्वीच सांगावा आणि मोठ्यांनीही पाळावा. पिण्याचे पाणी हिशेबाच्या दुप्पट घ्यावे. टोपी व अंगभर सुती कपडा हवा, कारण ऊन वरून लागते तसे पाण्यावरूनही परततो त्याचा चटका. मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते. मूल गप्प झाले, चिडचिडले, लघवीला गेले नाही, तर सावलीत आणून घोट घोट पाणी पाजावे. १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण आपल्या घरी सर्वांना माहीत असावे. चमचा चहाचा.

गळ फेकताना मूल पाठीमागे नसावे. शिंगाळा लागला तर मुलाला हात लावू देऊ नये. त्याच्या पाठीवर व दोन्ही बाजूंच्या परांत विषारी काटे असतात. काटा लागल्यास जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी, म्हणजे वेदना कमी होतात. पाणी किती गरम आहे ते मोठ्याने आधी स्वतःचा हात घालून पाहावे. मग दवाखाना. गळ खोल रुतला असेल किंवा डोळ्याजवळ असेल तर उपटू नये, तसाच ठेवून डॉक्टरकडे न्यावे आणि धनुर्वाताच्या लसीचे विचारावे.

बुडणारे मूल ओरडत नाही

ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. बुडणारा हात हलवून हाका मारतो असा आपला समज असतो. लहान मूल तसे करीत नाही. तोंड पाण्याखाली गेल्यावर हाक निघत नाही, आणि मिनिटाभरात सारे संपू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. म्हणून पाच वर्षांखालील मुलाला होडीतून नेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सहा वर्षांनंतर पोहणे व पाण्याचे नियम शिकवावेत, हीच त्या संघटनेचीही शिफारस आहे.

मूल पाण्यातून काढल्यावर आपल्याकडे त्याला उलटे टांगतात, डोक्यावर धरून फिरवितात, पोट दाबून पाणी काढू पाहतात. यात अमूल्य वेळ जातो आणि ओकारी श्वासनलिकेत शिरते. श्वास चालत नसेल तर मुलाला उताणे निजवावे, हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा. छाती वर येताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध हाडावर ३० वेळा भराभर दाबावे, छाती एक-तृतीयांश खोल दबली पाहिजे. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब, मदत येईपर्यंत. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करावा. मूल शुद्धीवर आले, पण खोकते आहे, धाप लागली आहे, तर घरी नेऊ नये, दवाखान्यातच न्यावे.

आपल्या तलावावर

हे सारे खाडीचे झाले, असे म्हणून पान उलटू नका. तलावात भरती-ओहोटी नाही, म्हणून आपण अधिकच निर्धास्त असतो. आपल्याकडील मुले डोंग्यात बसतात, बोडीच्या काठाने खेकडे धरतात, आणि मोठी माणसे रोवणीत असतात. खाडीकाठच्या माणसाला निदान पाण्याची भीती शिकवलेली असते. आपल्या मुलांना तीही नाही. नदीला वर कोठे पाऊस पडला की इथे स्वच्छ उन्हात पाणी चढते. त्यातच १६ जून ते १५ ऑगस्ट हा मध्य प्रदेशात नदीच्या मासेमारीचा बंदीकाळ, माशांच्या विणीचा हंगाम. त्या दिवसांत गळ घरी टांगून ठेवावा आणि रोवणीच्या दिवसांत प्रत्येक मोहल्ल्याने एका जाणत्या बाईला किंवा आजोबांना लहान मुले सांभाळण्याचेच काम द्यावे. तिची रोजी सर्वांनी मिळून द्यावी. एका मुलाच्या जिवापुढे ती फार नाही.

आता त्या आजोबा-आजींविषयी. आम्ही दोघांनाही समोर बसवून वरील सर्व सांगितले आणि विचारले, होडीत गळ न धरणारे माणूस कोण? आजोबा विचारात पडले. आजी म्हणाल्या, "मला गळ धरताच येत नाही. मीच जाते." त्या या सुट्टीत नातवाबरोबर वसईला जाणार आहेत. जॅकेट दोन घ्यावीत, असे आम्ही मुलाला कळविले आहे.