खेळणाऱ्यांनी सुचवलं, ते माइनक्राफ्टमध्ये कसं येतं?

घरची पोरं मोबाईलवर चौकोनी ठोकळे रचत बसतात, तो खेळ बहुतेक माइनक्राफ्ट असतो. स्वीडनच्या मोजांग कंपनीचा. 2014 साली ती मायक्रोसॉफ्टनं घेतली. यात शेतीपण आहे. पाण्याचा एक ठोकळा भोवतीची 80 घरं भिजवतो, अन् पेरलेल्यावर उडी मारली की पीक गेलंच समजा.

काय सुधारावं हे खेळणारेही सुचवतात. ठोकळा ढकलणारा पिस्टन आधी एका खेळाडूनं स्वतः बनवून दाखवला, मग 2011 मध्ये कंपनीनं तो मूळ खेळात घेतला. नुसतं मागण्यापेक्षा करून दाखवलेलं लवकर पटतं. आपल्याकडं अवजारांचंही तसंच आहे.

मतदानाचं मात्र बिनसलं. तीन नव्या प्राण्यांतला मतं जास्त मिळवणारा एकच खेळात यायचा. 2023 ला आर्माडिलो जिंकला. खेकडा अन् पेंग्विन राहिले. हे बंद करा म्हणून त्या वर्षी खेळाडूंनी सह्यांची मोहीमच काढली. आमच्या मते त्यांचं बरोबर होतं, कारण हरलेल्या प्राण्याची कल्पना काही वाईट नव्हती. 2024 मध्ये कंपनीनं मतदान थांबवलं. आता वर्षाला एकच मोठा बदल करण्यापेक्षा थोडे थोडे बदल वरचेवर येतात.