पोर्तुगीज साम्राज्याचे निर्वसाहतीकरण

पोर्तुगीज साम्राज्याचे निर्वसाहतीकरण म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगालच्या आशिया व आफ्रिकेतील वसाहती त्याच्या सत्तेतून मुक्त होण्याची प्रक्रिया होय. इ.स. १४१५ मध्ये सेउता जिंकून पोर्तुगालने साम्राज्यविस्तारास प्रारंभ केला. ब्रिटन आणि फ्रान्स १९६० च्या दशकात आफ्रिकेतून माघार घेत असताना पोर्तुगाल मात्र तेथे तीन आघाड्यांवर युद्ध लढत होता. या युद्धाचा शेवट १९७४ मध्ये लिस्बन येथील लष्करी उठावामुळे झाला, आणि तो उठाव वसाहतींत लढून आलेल्या अधिकाऱ्यांनीच केला होता.

पार्श्वभूमी

१९३२ ते १९६८ या काळात पोर्तुगालवर अंतोनियो सालाझार यांची हुकूमशाही होती. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव देण्यात आले. हा बदल केवळ शाब्दिक नव्हता. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाल्यावर परतंत्र प्रदेशांची माहिती देण्याचे बंधन पोर्तुगालवर आले, तेव्हा आपल्याकडे असे प्रदेशच नाहीत, असे उत्तर त्याने दिले. हे प्रांत पोर्तुगालचेच अंग असतील, तर तेथील आफ्रिकी रहिवासी नागरिक ठरायला हवे होते. प्रत्यक्षात अँगोला व मोझांबिकमध्ये पूर्ण नागरी हक्क मिळालेले आफ्रिकी लोक १९५० मध्ये एक टक्काही नव्हते. इतरांवर सक्तीच्या मजुरीची टांगती तलवार होती. डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने ठराव १५४२ द्वारे पोर्तुगालचा दावा फेटाळला. त्या ठरावातील प्रदेशांच्या यादीत गोव्याचाही समावेश होता.

गोवा

१८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे नागरी स्वातंत्र्यावरील बंदी मोडली. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यात वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. वाटाघाटींचे सर्व मार्ग खुंटल्यावर डिसेंबर १९६१ मध्ये भारताने लष्करी कारवाई केली. शेवटपर्यंत लढण्याचा सालाझार यांचा आदेश असतानाही गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी १९ डिसेंबर रोजी शरणागती पत्करली आणि मोठा रक्तपात टळला. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. मराठी स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे यांना मात्र गोवा मुक्त झाल्यानंतरही जानेवारी १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहावे लागले.

आफ्रिकेतील युद्धे

त्याच वर्षी अँगोलात सशस्त्र उठावास प्रारंभ झाला होता. १९६३ मध्ये गिनी-बिसाऊ व १९६४ मध्ये मोझांबिक येथेही युद्ध पेटले. यांपैकी सर्वांत लहान असलेल्या गिनी-बिसाऊमध्येच पोर्तुगीज सैन्याची सर्वाधिक कोंडी झाली. तेथील चळवळीचे नेते अमिल्कार काब्राल हे कृषितज्ज्ञ होते. वसाहत सरकारसाठी कृषिगणना करताना त्यांनी हा प्रदेश पायाखाली घातला होता, आणि तेच ज्ञान पुढे शेतकऱ्यांना संघटित करताना त्यांच्या उपयोगी पडले. ऑगस्ट १९५९ मध्ये बिसाऊ बंदरातील संपकरी गोदी कामगारांवर गोळीबार झाला, तेव्हा शहरातील आंदोलनापेक्षा खेड्यांचा आधार घेण्याचे धोरण चळवळीने स्वीकारले. मुक्त केलेल्या भागांत तिने शाळा, दवाखाने आणि दुकाने चालवली. जानेवारी १९७३ मध्ये काब्राल यांची कोनाक्री येथे हत्या झाली, तरीही २४ सप्टेंबर १९७३ रोजी चळवळीने एकतर्फी स्वातंत्र्य घोषित केले. मोझांबिकमध्येही एदुआर्दो मोंदलाने यांच्या हत्येनंतर सामोरा माशेल यांनी लढा पुढे नेला.

लिस्बनमधील उठाव

दीर्घ लष्करी सेवा टाळण्यासाठी हजारो पोर्तुगीज तरुण देश सोडून जात होते. अधिकाऱ्यांचा तुटवडा भरून काढण्यासाठी १९७३ मध्ये सरकारने तात्पुरत्या अधिकाऱ्यांना अल्प प्रशिक्षणावर कायम सेवेत घेण्याचा आदेश काढला. ज्येष्ठतेच्या प्रश्नावरून नाराज झालेले कॅप्टन एकत्र आले. चर्चेचा रोख मात्र लवकरच बढतीवरून युद्धाकडेच वळला. गिनीचे माजी गव्हर्नर जनरल स्पिनोला यांनीही फेब्रुवारी १९७४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करून या युद्धात लष्करी विजय अशक्य असल्याचे मांडले. २५ एप्रिल १९७४ रोजी झालेल्या 'कार्नेशन क्रांती'त राजवट एका दिवसात कोसळली.

सत्तांतर

पोर्तुगालने सप्टेंबर १९७४ मध्ये गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्यास मान्यता दिली. त्या वर्षअखेरीस गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्वही त्याने मान्य केले. १९७५ मध्ये मोझांबिक, केप व्हर्दे तसेच साओ टोमे व प्रिन्सिप स्वतंत्र झाले. अँगोलात तीन परस्परविरोधी संघटना असल्याने ११ नोव्हेंबर १९७५ रोजी सत्ता कोणत्याही संघटनेकडे न सोपवता 'अँगोलाच्या जनते'कडे सोपवल्याचे जाहीर करून पोर्तुगीज प्रतिनिधी निघून गेले. तेथील यादवी २००२ पर्यंत चालली. आफ्रिकेतून पाच लाखांहून अधिक लोक पोर्तुगालमध्ये परतले.

पूर्व तिमोरने २८ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य घोषित केले; नवव्या दिवशी इंडोनेशियाने त्यावर आक्रमण केले. १९९९ मधील सार्वमतानंतर, २० मे २००२ रोजी हा देश प्रत्यक्ष स्वतंत्र झाला. मकाऊ २० डिसेंबर १९९९ रोजी चीनकडे हस्तांतरित करण्यात आले.