उपाध्यायावाचून विवाह

जालन्याच्या मोंढ्यात पैशापैशासाठी घासाघीस करणारा व्यापारी मुलीच्या लग्नात मात्र न समजणाऱ्या मंत्रांपुढे मुकाट मान डोलावतो, याचे आम्हांस नवल वाटते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, व त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी त्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. तेथे भटजी नव्हता. वधूवरांनी परस्परांस दिलेली वचने हाच विधि. पुढे ओतूरच्या जोश्यांनी, लग्न न लावताच, दक्षिणेसाठी दावा केला. मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो १८९० साली अमान्य केला. (काम न करता दाम मागण्याची हिंमत कोणा अडत्यासही झाली नसती!)

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तो निकाल इकडे लागू नव्हता. आज ती सबब उरलेली नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यास तीस दिवसांची नोटीस व तीन साक्षीदार पुरतात. जातिधर्माचा अडसर नाही. अडचण आहे ती मांडवाची. लोक काय म्हणतील या धाकाने शेतकरी बाप पेरणीचा पैसा वाजंत्रीत घालतो आणि सावकाराचे दार ठोठावतो. गरिबाने साधे लग्न केले तर लोक त्याची कीव करतात. म्हणून पहिले पाऊल पेढीवाल्यांनी टाकावे, व ते येत्या लग्नसराईतच टाकावे.