पांडवलेण्यात कोरलेली पार

सुरगाण्याहून सुटलेली एसटी वणी, दिंडोरी करत नाशिकला पोहोचते. तिथून मुंबई रस्त्याला सात-आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर लागतो. शिलालेखांत त्याचे नाव ‘तिरण्हु’ असे आहे, पण आमच्याकडे सगळे म्हणतात पांडवलेणी. पांडव वनवासात इथे राहिले, हे लहानपणापासून ऐकलेले. खरे तर ही चोवीस लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. पावसाळ्यात त्यांनी इथे राहावे, म्हणून राजांनी आणि व्यापाऱ्यांनी दाने दिली.

तरीही ती दंतकथा मला खोटी म्हणून टाकून द्यावीशी वाटत नाही. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षी तिने हे लेणे दान केले. लेखात ती आपल्या गेलेल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम सांगते आणि त्याला राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा म्हणते. म्हणजे भीम-अर्जुन इथे आहेतच, एका आईच्या शब्दांत.

मी सर्वांत जास्त वेळ थांबतो तो दहाव्या लेण्याच्या ओसरीत. मागच्या भिंतीवर, छताच्या अगदी खाली, ब्राह्मीतल्या लांबलचक ओळी आहेत. मान वर करून बघत राहावे लागते. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात इथे आपली दाने मोजतो. ओसरीच्या डाव्या भिंतीवर त्याचाच दुसरा लेख आहे: लेण्यातल्या भिक्खूंसाठी 3000 कार्षापण, म्हणजे नाणी, ठेवले. त्यातले 2000 गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि 1000 दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून वस्त्रे द्यायची. आजच्या बँकेतली मुदतठेवच ती.

छताखालच्या त्या लांबलचक लेखात नद्यांची नावे येतात: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या. पारादा म्हणजे आमची पार. इबा म्हणजे अंबिका, असे अभ्यासक मानतात, आणि अंबिका सुरगाण्याच्या कोटंबीजवळ उगम पावते. त्या नावा खाली, समुद्राजवळच्या रुंद पात्रातच चालत असणार. पण पाणी आमच्याच डोंगरांतले. सुमारे 1900 वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीने ते नाव दगडात कोरले, हे कळल्यापासून मी पारेच्या काठी पूर्वीसारखा उभा राहू शकत नाही.

सुरगाण्याचे नाव निघते ते आदिवासी तालुका म्हणून, पाणीटंचाईचा तालुका म्हणून, नाहीतर नार-पारचे पाणी गिरणेत न्यायच्या चर्चेत. आमची नदी इतिहासाच्या पुस्तकात असू शकते, हे आमच्या मुलांना कुणी सांगितलेले नसते.

म्हणून तालुक्यातल्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे. पुढची सहल नाशिकला काढाल तेव्हा पायऱ्या चढून दहाव्या लेण्यापर्यंत या. मुलांना ओसरीत उभे करा, वरच्या ओळी दाखवा आणि सांगा, इथे आपली पार लिहिली आहे.